दोन जावयांना एकच विहीर

शहाजी मेटकरी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि कालव्याच्या पाणीपाळ्या लावण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. त्यामुळे न्यायाचा सातबारा आपल्याच नावावर आहे असं त्यांना वाटत असे. वरच्या गावाला जेवढं पाणी तेवढंच खालच्या गावाला. एकदा एका पुढाऱ्यानं टेबलावर हात आपटून जादा पाणी मागितलं, तेव्हा मेटकरींनी त्याला चहा पाजला आणि पाणी दिलं नाही. ही गोष्ट ते त्यांच्या जुळे सोलापूर वस्तीत सगळ्यांना सांगत, ज्यांनी ती आधी ऐकली होती त्यांनासुद्धा.

अशा माणसाला स्वतःच्या दोन जावयांत वाटप जमू नये, हे दुःख काही लहान नव्हतं.

थोरले जावई भारतराव श्रीपूरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. धाकटे सोमेशराव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघांनाही ना तंबाखूचं व्यसन, ना पत्त्यांचं. फक्त टीव्हीला मशीन जोडून गेम खेळायचं वेड होतं, आणि सासऱ्याचं दुर्दैव असं की दोघांची मशिनं वेगवेगळ्या कंपन्यांची होती. भारतरावांचं काळं, सोमेशरावांचं पांढरं. या दोन कंपन्यांचं वैर बांधावरच्या भाऊबंदांसारखं जुनं. काळी कंपनी गाजलेल्या गेमचे पुढचे भाग काढण्यात पटाईत. पांढरीचा डौल असा की आम्ही कुणी न पाहिलेलं काहीतरी नवीन काढतो.

गेल्या दिवाळीत सोमेशरावांचा पहिला दिवाळसण होता. बोटात सासऱ्यानं दिलेली नवी अंगठी घालून ते जेवायला बसले आणि जेवता जेवता हा विषय निघाला. भारतरावांचं म्हणणं, माणूस ओळखीचा असला तरच त्याच्या जिवाची काळजी वाटते. त्यांच्या गेममधली तलवारवाली बाई पहिल्या भागात पोरगी होती, सहाव्या भागात तिचे केस पिकलेत, आता तिला एकटीला सोडून जायचं कसं? सोमेशरावांचं म्हणणं, तेच घोडं पुन्हा पुन्हा रंगवून विकतात आणि लोक पुन्हा पुन्हा घेतात. डोकं असेल त्यानं नवीन काढावं. बासुंदीवर साय धरली तरी दोघं थांबेनात. शेवटी सोमेशराव सासऱ्याकडे वळले आणि म्हणाले, मामा, तुम्हीच सांगा, नवीन चांगलं की जुनंच पुढं ओढलेलं?

मेटकरींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तोंडात बासुंदीचा घोट होता. तो गिळून ते म्हणाले, "नवीन ते नवीनच की."

भारतरावांनी वाटी खाली ठेवली. सोमेशरावांच्या अंगठीकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या मनगटावरच्या, स्वतःच्या दिवाळसणाला मिळालेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि हात धुतले. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलेलं असताना दुपारच्या गाडीनं ते बायकोला घेऊन श्रीपूरला गेले. तेव्हापासून थोरली लेक सिद्धेश्वरी माहेरी आली नव्हती. तिची आई विजयमालाबाई फोन करायच्या. पलीकडून हो, नाही, बरं, एवढंच यायचं. भांडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

मग यंदा अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला लेक-जावई येणार नाहीत असं होत नाही, आणि आलेच नाहीत तर मग ते कायमचंच, हे नवरा-बायको दोघांनाही न बोलता माहीत होतं. मेटकरींनी ठरवलं, या खेपेला वाण असं द्यायचं की कुणाला नखभर उणं वाटायला नको.

धाकट्या लेकीनं, ऋतुजानं, आईला आधीच सुचवून ठेवलं होतं, की चांदीचं निरांजन वगैरे नको, यांना गेमच द्या. नवीनच आलाय. एक म्हातारा हातात कंदील घेऊन पडक्या विहिरीत उतरतो आणि विहीर संपतच नाही. विहीर म्हटल्यावर मेटकरींना तो गेम खात्यातल्याच माणसानं केलेला वाटला आणि एकदम पसंत पडला. सोमेशरावांना विहीर, मग भारतरावांना काय? या प्रश्नावर सल्ला द्यायला शेजारचे रेवणप्पा कट्ट्यावर बसलेलेच होते. त्यांचं अक्कलकोटकडे कापडाचं दुकान होतं, आता ते मुलाकडे देऊन ते पूर्णवेळ सल्ला देत.

"शहाजीराव, जावयाला देताना डोकं वापरायचं न्हाय," रेवणप्पा म्हणाले. "तराजू वापरायचा. मी तिन्ही जावयांना एकाच ताग्यातलं कापड दिलतो. तिघंबी बँडवाले दिसायले, पर एकानं बी तोंड उघडलं न्हाय."

गावाकडून मोठे बंधू हरिबा यांचा फोन आला. त्यांच्या एका शेळीला जुळी करडं झाली होती. "दोन्ही घेऊन जा," ते म्हणाले. "एका आईची, एका रंगाची. त्याच्याहून सारकं काय असतंय?" मेटकरींनी शहरात करडू कुठं बांधणार असं हसून विचारलं. पुढं या हसण्याचा त्यांना पश्चात्ताप झाला, पण ते पुढं.

नव्या पेठेतल्या गेमच्या दुकानात चष्मेवाला तरुण मालक काउंटरवर बसला होता. मेटकरींनी म्हाताऱ्याची विहीर मागितली आणि दोन नग सांगितले. मालकानं विचारलं, "मशीन कौनसी है चच्चा? काली या सफेद?" मेटकरींना राग आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना अशा प्रश्नांचा वास लांबून यायचा. वरचं गाव की खालचं, हेही असंच सुरू होतं आणि मग कुणालातरी कमी पडतं. "काळं-पांढरं काही नाही," ते म्हणाले. "दोन्ही एकसारखी द्या. फरक असता कामा नये." मालकानं खांदे उडवले, दोन सारखी पाकिटं काढली आणि सांगितलं, की सील तोडलं तर परत घेणार नाही. मेटकरी म्हणाले, परत करायला आम्ही पोरं नाही.

घरी पाकिटं विजयमालाबाईंच्या हाती गेली, आणि इथून पुढं जे झालं त्यात त्यांचा दोष काढता येणार नाही. वाण म्हणजे पूजा आलीच. ताम्हनात अनारसे मांडायचे, वर वस्तू ठेवायची, वस्तूला हळदकुंकू वाहायचं आणि मग जावयाच्या हातात द्यायचं. आता प्लास्टिकच्या कागदाला हळदकुंकू वाहिलं तर ते वाणाला थोडंच पोचतं? त्यांनी कागद फाडला, डबी उघडली, आतली तबकडी काढली. तबकडीला दोन बाजू. एका बाजूला तो कंदीलवाला म्हातारा, डोळे भुतासारखे. दुसरी बाजू स्वच्छ, आरशासारखी. शुभकार्यात भुताला कोण कुंकू लावणार? त्यांनी आरशाच्या बाजूला मधोमध ठसठशीत कुंकू लावलं, भोवती हळदीची बोटं काढली, वर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि तबकडी डबीत घालून डबी मिटली. मग दुसरी. दोन्हींवर बोटंसुद्धा सारखी काढली. नवऱ्यानं सांगितलं होतं, फरक नको.

मेटकरींची एक सरकारी सवय होती. कुठलाही कागद सही करून झाल्यावर वाचायचा. त्याप्रमाणे संध्याकाळी चहा घेताना त्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचायला घेतली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा खेळ फक्त पांढऱ्या मशिनावर चालतो. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 'फक्त' या शब्दाचं वजन हेडक्लार्कला जेवढं कळतं तेवढं इतरांना कळत नाही.

चहा तसाच टाकून ते भारतरावांचं पाकीट घेऊन नव्या पेठेत गेले. जाताना, तोंडी बोलून काही होत नसतं हे ठाऊक असल्यामुळे, त्यांनी रीतसर अर्ज लिहून नेला. विषय, खेळाची तबकडी बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की. दुकानाच्या मालकानं अर्ज उलटसुलट पाहिला. मग डबी उघडली. कुंकू काउंटरवर सांडलं. त्यानं तबकडी उजेडात धरून पाहिली.

"चच्चा, ये क्या किया?"

"वाण आहे ते," मेटकरी ताठ मानेनं म्हणाले.

मागे उभी असलेली कॉलेजची पोरं फोटो काढू लागली. मालक हात जोडून म्हणाला, की ही आता कुणालाच विकता येणार नाही. मेटकरींनी तलवारवाल्या बाईचा सातवा भाग मागितला. तो अजून निघालाच नव्हता. सहावा होता, पण सहावा भारतरावांकडे असणार हे मेटकरींनाही कळत होतं. ते अर्ज घडी घालून परत आले. पोचसुद्धा मिळाली नव्हती.

घरी खल झाला. उद्याच जेवण. रेवणप्पांनी मार्ग काढला, की वाण ताम्हनात झाकूनच देतात, उघडतात ते आपापल्या घरी गेल्यावर. उद्याचा दिवस गोडीत जाऊ द्या, भारतराव श्रीपूरला जाऊन उघडतील तेव्हा बघू. मेटकरींना हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तेवढ्यात कुटुंबाच्या ग्रुपवर सोमेशरावांचा मेसेज आला, की उद्या माझं मशीन घेऊन येतोय, सगळ्यांना नवीन गेम दाखवतो. पाठोपाठ भारतरावांचा. दिवाळीनंतरचा त्यांचा हा पहिलाच मेसेज. "मी पण आणतोय."

विजयमालाबाईंनी तो वाचला आणि पुरणाचं भांडं न ढवळता नुसत्याच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आणि सोमेशराव आधी आले. मग सिद्धेश्वरी आणि भारतराव. भारतरावांच्या काखेत काळं मशीन होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. सिद्धेश्वरी आईच्या पाया पडली, वडिलांच्या पाया पडली, बरी आहेस का म्हटल्यावर बरी आहे म्हणाली आणि पाहुणी बसते तशी खुर्चीच्या कडेला बसली. याच घरात ती पलंगावर पालथी पडून अभ्यास करायची.

बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या डाव्या अंगाला पांढरं मशीन आणि उजव्या अंगाला काळं, अशी दोन्ही मांडली गेली. जावयांनी एकमेकांची चौकशी केली, पाऊस कधी येईल यावर एकमत झालं, आणि मग दोघंही गप्प बसून समोरच्या बंद टीव्हीकडे पाहू लागले. मेटकरींना वाटलं, यापेक्षा दिवाळीतलं भांडण बरं होतं.

पाट मांडले. उकडलेले धोंडे, वर तुपाची धार. वाढताना विजयमालाबाईंचं लक्ष एका पानातून दुसऱ्या पानात जात होतं, तूप कुठं जास्त पडलं तर तेवढंच दुसरीकडे ओतत होत्या. दोन्ही जावई तुपात बुडायची वेळ आली. सोमेशरावांनी नव्या गेमचा विषय काढला की मेटकरी उसाचा काढत, आणि उसावरून भारतराव हंगामावर, हंगामावरून सुट्टीवर येऊन आता सातव्या भागाची वाट बघतोय म्हणाले, की मेटकरी घाईघाईनं लोणचं मागत. त्यांनी एवढं लोणचं आयुष्यात खाल्लं नव्हतं.

जेवणं झाली. ताम्हनं आली, वर नव्या कापडाचं झाकण. तेहतीस तेहतीस अनारसे, मोजून. दोघांना ओवाळलं, दोघांच्या हातात वाण दिलं. मेटकरी दारात उभे राहून मनातल्या मनात म्हणत होते, झाकलेलं राहू दे, श्रीपूरपर्यंत झाकलेलं राहू दे.

सोमेशरावांनी झाकण काढलं. पुण्यात बहुतेक तसंच करत असावेत. विहीर बघून ते इतके हरखले, की डबी उघडून, तबकडीकडे न बघताच ती पांढऱ्या मशिनाच्या तोंडात सारून मोकळे झाले. विजयमालाबाई कौतुकानं म्हणाल्या, अगदी पूजा करून दिलीय हां. मेटकरींचा चेहरा उतरला. पण त्यांचे डोळे भारतरावांच्या ताम्हनावर होते.

भारतरावांनी सावकाश झाकण बाजूला केलं. तोच म्हातारा, तोच कंदील. पाकीट उलटं करून त्यांनी मागची बाजू वाचली. ते सही करायच्या आधी वाचणाऱ्यांतले होते. मग त्यांनी पाकीट अनारशांवर पुन्हा नीट ठेवलं.

"मामा," ते म्हणाले, "हे आमच्यात चालत न्हाय."

आवाज अजिबात चढला नव्हता. मेटकरींना पुढाऱ्यानं टेबलावर हात आपटला तेव्हासुद्धा इतकी भीती वाटली नव्हती. ते पुटपुटले, की दोघांना अगदी सारखंच दिलंय, काडीचा फरक नाही, पाहिजे तर जुळवून बघा.

"सारकं कुटंय अण्णा?" सिद्धेश्वरी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच पुरतं वाक्य बोलत होती. "दोन्ही सोमेशरावांचंच हाय की. आमचं काय हाय त्यात?"

हरिबाची करडं आणली असती तर, मेटकरींच्या मनात आलं, ती कुठल्याही घरात चालली असती. मग ते खाली बसले, जावयाच्या समोर, जमिनीवरच. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती. कशी मागतात तेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "दिवाळीला बोललो ते चुकलं. मला त्यातलं काय कळत न्हवतं. बासुंदी तोंडात होती, विषय मिटावा म्हणून बोललो. ते तुमच्यावर न्हवतं, भारतराव. आणि ही पोरगी घरात नसली की आमच्या दोघांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे खरं आहे."

भारतरावांनी ताम्हन बाजूला ठेवलं. "गेमचं वाईट वाटलंच न्हवतं, मामा," ते म्हणाले. "घरात आधी कोण आलं हे कुणाच्या ध्यानातच राहिलं न्हाय, त्याचं वाटलं."

तेवढ्यात पांढऱ्या मशिनानं तोंड उघडलं. म्हणजे तबकडी बाहेर आली नाही. आतून आधी खसखस असा आवाज आला, मग जात्यात खडा सापडावा तसा. टीव्हीवर कंदीलवाला म्हातारा दिसला, विहिरीच्या काठाशी आला, थरथरला आणि तिथंच गोठला. सोमेशरावांनी बटणं दाबली, मशीन उचललं, तिरकं केलं. फटीतून त्यांच्या नव्या पँटवर अक्षता पडल्या. मागून थोडं कुंकू.

"आई," ऋतुजा म्हणाली, "तू आत काय घातलंस?"

विजयमालाबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं, कुठल्या बाजूला, किती बोटं आणि का. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण सिद्धेश्वरीला आधी ठसका लागला आणि मग ती तोंडावर पदर धरून अशी हसत सुटली, की खुर्चीच्या कडेवरून घसरून थेट बहिणीच्या मांडीवर आली. ऋतुजाही हसायला लागली. भारतरावांनी बराच वेळ तग धरला.

सोमेशराव मात्र मशीन मांडीवर घेऊन आजारी पोरासारखं थोपटत बसले होते. त्यांची आजची सगळी हौस त्या फटीत अडकली होती. भारतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून टॉवेल बाजूला केला, काळ्या मशिनाची वायर टीव्हीला जोडली, सहावा भाग लावला आणि खेळायचा एक रिमोट साडूच्या हातात दिला. "या," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं आतल्या खोलीत मेटकरींना ऐकू येत होतं ते असं. हिचं लग्न कधी झालं? चौथ्या भागात. मग नवरा कुठं आहे? तो पाचव्यात गेला. कसा? हिला वाचवताना. मग बराच वेळ नुसते तलवारीचे आवाज, आणि मग सोमेशराव, जरा हळू आवाजात, "पहिला भाग आहे का हो तुमच्याकडे? म्हणजे मला सुरुवातीपासून बघावं लागेल."

विजयमालाबाई अनारसे घेऊन गेल्या आणि दोघांच्या मधे ठेवून म्हणाल्या, की मला यातलं कळत नाही, पण आमच्या घरात पहिले भारतराव, आणि सोमेशराव म्हणजे दुसरा भागच की. सोमेशरावांनी बटण दाबायचं सोडून सासूकडे पाहिलं. त्याच वेळी पडद्यावर त्यांना कुणीतरी मारून टाकलं.

"दुसरा भाग बरा निघालाय," भारतराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. पांढरं मशीन दुरुस्तीसाठी पुण्याला निघालं, सोमेशरावांच्या मांडीवरून. श्रीपूरच्या गाडीत पिशव्या चढल्या, अनारसे चढले, विहिरीची डबीसुद्धा चढली, कारण वाण परत करत नाहीत. काळं मशीन मात्र टीव्हीजवळ तसंच होतं. मेटकरी ते टॉवेलात गुंडाळून धावत बाहेर आले.

"राहू दे हितंच, मामा," भारतराव म्हणाले. "ने-आण कशाला करायची सारकी? सातवा भाग आला की हितंच लावू. हिला पण यायला निमित्त."

सिद्धेश्वरीनं वडिलांच्या हातातला टॉवेल सरळ केला, मशिनाच्या एका कोपऱ्यावर नीट ओढला आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेटकरी नव्या पेठेत हजर झाले. गेमवाल्यानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि काउंटरवरची पाकिटं आत सरकवली. मेटकरींनी सातव्या भागाची चौकशी केली. तो म्हणाला, दिवाळीच्या आसपास येईल, नक्की सांगता येत नाही. मेटकरींनी मान हलवली. जायला वळले आणि परत फिरले.

"आणि आठवा?"

"चच्चा, सातवाच अजून आला नाही."

"ते माहीत आहे," मेटकरी म्हणाले. "पण पुढची पाळी आधीच लावून ठेवलेली बरी असते."